जमिनीची सतरंजी

भूभौतिकी हा विषय मी निव्वळ गैरसमजातून घेतला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हा भूशास्त्रवाल्यांना दोन पेपरांतून एक निवडायचा होता. एकात जीवाश्मांच्या आकृत्या काढाव्या लागतात असं कळलं. मी आदल्या वर्षी काढलेला शिंपला पाहून परीक्षकांनी 'हा बटाटा कुठल्या थरात सापडला' असं विचारलं होतं, त्यामुळे तो रस्ता बंद. दुसऱ्या पेपरचं नाव होतं 'भूभौतिकी : ओळख'. म्हटलं, ओळखच करून घ्यायची आहे, सोयरीक थोडीच जमवायची आहे.

आमचं कॉलेज कराडजवळ, माझं घर लोणंदला. शनिवारी पॅसेंजरनं घरी, सोमवारी परत. आणि माझी ख्याती दोन्हीकडं सारखीच. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात त्या जागी मधोमध उभं राहिलं की दोन्ही कानांत दोन नद्यांचं पाणी एकाच वेळी शिरतं आणि डोक्यात संगम होतो, हे मी स्वतः उभा राहून पाहिलेलं आहे. वर्गात कुणी विश्वास ठेवला नाही. मी वर्गात काही सांगायला तोंड उघडलं की मुलं आधीच निम्मं वजा करून ऐकायची.

विषय शिकवणारे सर म्हणजे संशयाचा पुतळा. हजेरी तासाच्या सुरुवातीला घेत, शेवटी पुन्हा घेत, आणि दोन्ही ताडून बघत. खडूचा डबासुद्धा आत साप असल्यासारखा लांबून उघडत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "न खोदता जमिनीच्या पोटात काय आहे याचा संशय घ्यायचा. मग त्या संशयाचाही संशय घ्यायचा. एवढाच हा विषय." असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून सगळ्या वर्गाकडं पाहिलं आणि नजर माझ्यावर आणून टेकवली. तोवर मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

सहामाहीच्या मध्यावर शेतातलं प्रात्यक्षिक होतं. जोडीजोडीनं एकेका रानात जायचं आणि तिथलं पृथ्वीचं चुंबकत्व मोजून नकाशा काढायचा. जमिनीखाली काळ्या दगडाची एखादी उभी भिंत दडलेली असेल तर तिथं आकडा बदलतो. मोजायच्या यंत्राचं नाव मॅग्नेटोमीटर. एका काठीच्या टोकाला बाटलीएवढा डबा, तो आकडा हेरणार; तिथून वायर गळ्यात अडकवलेल्या खोक्यापर्यंत, ते आकडा दाखवणार. काठीचे मूळचे तीन तुकडे, त्यातला एक कुठल्या तरी जुन्या तुकडीनं हरवलेला. त्यामुळे जी बाटली डोक्याच्या वर हातभर असायची ती आमच्या वेळी खांद्याला येऊन टेकली होती. आणि खोकं? दोन दिवस सराव केला तर पट्ट्यानं माझी मान अशी काचली की उजवीकडं बघायचं असेल तर मला सगळा माणूसच वळवावा लागे.

हे मी लोणंदला आईला सांगितलं. तेवढंच सांगून थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण आई भाकरी थापत होती, ऐकत होती, आणि ऐकणारं माणूस समोर असलं की माझ्यातला नळ बंद होत नाही. मी सांगितलं की हे यंत्र पृथ्वीच्या पोटातलं बोलणं ऐकतं. मागच्या वर्षी एका पोरानं ते ऐकलं आणि एका दुपारीत त्याचे केस पांढरे झाले. पाटणकडं आठवड्याला जमीन हलते, आणि आम्हाला नेमकं हलते तिथंच उभं करतात. सर कंबरेला दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवतात, जमीन दुभंगलीच तर ओढून घ्यायला.

आईनं भाकरी उलटली.

सोमवारी निघताना तिनं होस्टेलसाठी शिवलेली नवी उशी माझ्या पिशवीत घातली आणि हातात एक लहानशी वाकळ ठेवली. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. आई वाकळा शिवते, पंचक्रोशीत तिचा टाका ओळखतात. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून तिनं खांद्यावर बसेल अशी गादीच शिवली होती. "मान काचती म्हणतोस न्हवं, पट्ट्याखाली घाल," म्हणाली. हाताला जरा जड लागली. पण आईची वाकळ जडच असते. लहानपणी तिच्या वाकळेखाली झोपलो की सकाळी मला बाहेर काढायला दोन माणसं लागत.

माझी जोडीदार सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातली मुलगी. सूर्य मावळायच्या आत जेवणारी, त्यामुळे तिचं सगळं घड्याळावर. खोटं बोलायला जादा वेळ लागतो, तो तिच्याकडं नसायचा. पाटणच्या वाटेवरच्या एका गावात आम्हाला रान नेमून दिलं होतं. जीपमधून उतरल्यावर सरांनी आमची अशी झडती घेतली की लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलाची इतकी चौकशी होत नसेल. पट्टा काढा, चाव्या काढा, मोबाईल जीपमध्ये, बुटांना टाचा कसल्या, चेनची पँट का घातली. हिच्या केसांतल्या पिना एक एक मोजून काढल्या. लोखंडाचा कण जरी जवळ असला तरी यंत्र पृथ्वीचं सोडून त्याचंच ऐकत बसतं. माझ्या खांद्यावरची वाकळ पाहून मात्र सर त्या सहामाहीत पहिल्यांदा हसले. "आईनं दिली का?" विचारलं, आणि दुसऱ्या जोडीला घेऊन पुढच्या शिवारात गेले.

तेवढ्यात रानाचा मालक आला. साठीचा, ताठ, छाटलेल्या मिशा. सैन्यातून निवृत्त झालेला फौजी. त्यानं विचारलं, "कशाला आलायसा?"

मी म्हणालो, "मोजणीला, मामा."

हा शब्द आमच्या भागात असा उघड्यावर काढायचा नसतो. मोजणी म्हणजे सरकारी माणूस, साखळी, नकाशा, आणि आजवर नांगरत आलेला बांध हातभर दुसरीकडं निघणं. मोजणी म्हटल्यावर झोपलेला उठून बसतो, मुंबईला गेलेला परत येतो, आणि मेलेल्याचे वारस उभे राहतात. पाच मिनिटांत शेजारच्या रानातून फौजीचा धाकटा भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. दोघा भावांचं बोलणं बंद होतं ते या बांधावरूनच. मला तर वाटतं त्या दिवशी म्हशीसुद्धा दावं ताणून आपापल्या गटात जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचा अर्ज हाय?" फौजीनं विचारलं आणि भावाकडं पाहिलं.

जोडीदारणीनं कॉलेजचं पत्र दाखवलं, जमिनीचं चुंबकत्व, अभ्यासक्रम, सगळं नीट सांगितलं. त्यानं पत्र उलटंसुलटं करून वाचलं. मागच्या कोऱ्या बाजूचासुद्धा त्याला संशय आला असावा, कारण ती त्यानं जास्त वेळ वाचली. मग म्हणाला, "चाला. पर मी बरुबर चालणार. आनि जो आकडा यील त्यो लिवून घेणार."

त्याला नाही म्हणायची आमची छाती नव्हती. पण बरोबर चालायचं तर अंगावरचं लोखंड काढायला हवं. खिळ्यांचं पायताण त्यानं काढलं, चुन्याची डबी काढली. घराची चावी म्हटल्यावर मात्र तो दोन पावलं मागं सरकला. जमिनीबरोबर घरही जातंय असं त्याला वाटलं असावं. शेवटी बायकोला बोलावून चावी तिच्या पदराला बांधली आणि तिला पिंपरणीच्या झाडाखाली बसवलं. नातवाची एक वही त्यानं मागवून घेतली होती. जोडीदारणीनं तिच्या मधल्या दोन पिना नखांनी उपटल्या आणि वही सुतळीनं ओवून त्याला परत दिली. त्याचा चेहरा असा झाला की जणू आम्ही सातबाराच फाडला.

मग दुपारभर आम्ही चाललो. बांधाला समांतर उत्तरेकडं एक ओळ, टोकाला वळायचं, तीच ओळ थोडी सरकून दक्षिणेकडं परत. दर पाच पावलांना थांबायचं, बटण दाबायचं, खोकं गुणगुणतं, आकडा येतो, मी मोठ्यानं वाचायचा. जोडीदारीण फीत धरून मागं, माझं ऐकून लिहिणार. आणि फौजी माझ्या खांद्याला नाक लावून, खोक्याच्या काचेत डोळे घालून, प्रत्येक आकडा वहीत उतरवणार. शेजारी फौजी पद्धतीनं वेळ, चौदाशे दहा, चौदाशे बारा. बांधावरचा भाऊ आमच्याबरोबर तिकडून चालत होता. एकदाच बोलला, तेही माझ्याशी, "पावनं, त्येच्या बाजूला जरा जास्तीच वळताय."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आकडे संगणकात घातले. नकाशा रंगीत उमटला. सर मागं उभे.

"ही जमीन आहे का सतरंजी?"

खरंच सतरंजी होती. एक पट्टा लाल, एक निळा, एक लाल, एक निळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उत्तरेकडं जातानाच्या प्रत्येक ओळीत आकडे चढे, परत येतानाच्या प्रत्येक ओळीत उतरलेले.

"निसर्गाला सतरंजी विणता येत नाही," सर म्हणाले. "झाडाखाली बसून आकडे लिहिणाऱ्याला येते. एक ओळ वाढवायची, एक कमी करायची, म्हणजे खरी वाटते."

मी म्हणालो की आम्ही प्रत्येक जागी उभं राहून वाचलंय. सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही, जोडीदारणीकडं बघितलं. ती म्हणाली, "चाललो आम्ही सर, हे खरं. पण काच मी बघितली नाही. त्यानं सांगितलं ते मी लिहिलं."

यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आकडे बनावट ठरले तर प्रात्यक्षिकात शून्य, प्रात्यक्षिकात शून्य म्हणजे पेपर गेला, आणि पेपर गेला म्हणजे दोघांचंही वर्ष. तिचंही, माझ्यामुळं. सरांनी आठवड्याची मुदत दिली: खरे असतील तर सिद्ध करा. जन्मभर मी काहीबाही सांगत आलो आणि लोक हसून ऐकत आले. आता एकदाच खरं सांगत होतो तर ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आठवडाभर मी सगळ्यांवर संशय घेतला. यंत्रावर घेतला, बॅटरीवर घेतला. धाकट्या भावानं बांधाखाली पाइप पुरून ठेवला असेल असं वाटलं. जोडीदारीण तर मला वहीत लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, आणि वाचताना आकडा बघायचं सोडून माझे डोळे बघायची. पाचव्या दिवशी तीच एकदम म्हणाली, "अरे, काच तुझ्याशिवाय आणखी एकानं बघितली आहे."

आम्ही एसटी धरून गावात गेलो. फौजी वही द्यायला तयार नाही. त्याला वाटलं आम्हाला भावानं पाठवलंय. "वही हितनं हालणार न्हाई. तुमच्या सायबाला हितं आणा."

आणि सर आले. त्यांनाही वाटत होतं की हा माणूस मी पढवून ठेवलाय. दोन संशयी माणसं पिंपरणीखाली समोरासमोर बसली. वही फौजीच्या मांडीवर, आमचा कागद सरांच्या मांडीवर, आणि दोघांपैकी कुणीही आपला कागद दुसऱ्याच्या हातात देईना. शेवटी फौजीनं एक आकडा वाचायचा आणि सरांनी आपल्या कागदावर बोट ठेवायचं असं ठरलं. पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली. सतरंजीचा प्रत्येक धागा त्या वहीत होता, वेळेसकट. एका जागी मी आकडा चुकीचा वाचला होता, तिथं फौजीनं खरा लिहून कंसात 'पोरगं चुकलं' असं नोंदवलं होतं.

सरांनी चष्मा काढला. "हे आकडे यानं वाचले म्हणून तुम्ही लिहिले का?"

"त्यानं वाचल्यालं कशाला लिवू?" फौजी म्हणाला. "सोताच्या डोळ्यानं बघून लिवलंय. ह्येच्या तोंडावर माझा इस्वास न्हाई."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

आकडे खरे ठरले. मग जमीन सतरंजी कशी? सर जीपमधून यंत्र घेऊन आले, बाटली एका दगडावर स्थिर ठेवली आणि एकेकाला जवळ उभं केलं. फौजी उभा राहिला, आकडा जिथल्या तिथं. जोडीदारीण, जिथल्या तिथं. मी नुसत्या शर्टानिशी उभा राहिलो, आकडा तसाच. त्यांनी मला खोक्याचा पट्टा गळ्यात घालायला लावला, त्या दिवशी होतो तसा. मी जीपमधली वाकळ आणून खांद्यावर टाकली आणि खोक्यातला आकडा उडाला. "उत्तरेला तोंड कर." आकडा चढला. "दक्षिणेला." उतरला. "वाकळ खाली ठेव." आकडा जागेवर.

फौजीनं विळ्यानं एका कडेचे टाके उसवले. त्या विळ्यावर सरांनी हरकत घेतली नाही यावरून त्यांची अवस्था ओळखावी. आतून काळ्या फडक्यात गुंडाळलेली, अर्धी कापलेली घोड्याची नाल निघाली.

सर ती हातात फिरवत राहिले. "लोखंडाचं स्वतःचं चुंबकत्व असतं. तू उत्तरेला चाललास तेव्हा तुझ्या आईनं पृथ्वीत भर घातली. परत आलास तेव्हा तेवढंच वजा केलं." मग मला आईला फोन लावायला सांगितलं, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायला सांगितलं. माझ्यावरचा विश्वास अजून तेवढाच होता.

मी विचारायच्या आत आईनं विचारलं, "वाकळ उसवलीस व्हय रं?"

"आई, आत नाल कशाला घातलीस?"

"मग काय करू? तूच म्हणालास, पोरांचं केस पांढरं हुत्यात. दोर बांधून हुबं करत्यात. वरातीच्या काळ्या घोड्याची हाय, मागून आणली मी. लोखंड जवळ आसलं की काय बाधत न्हाई."

पिंपरणीखालची चारही माणसं माझ्याकडं बघत होती. चौथी म्हणजे फौजीची बायको, ती तर तोंडाला पदर लावून.

"दोर?" सर म्हणाले.

मी खाली बघितलं. मग कसंबसं विचारलं, "आणि उरलेली अर्धी कुठं हाय?"

"तुझ्या उशीत."

होस्टेलवरच्या माझ्या उशीत. वाकळ मिळाल्यावरही रोज सकाळी मान का अवघडलेली असते, आणि मी बिचाऱ्या यंत्राच्या पट्ट्याला का दोष देत होतो, हे तेव्हा समजलं.

सरांनी मोजणी पुन्हा करायला लावली, तिथल्या तिथं, वाकळेशिवाय. फौजीनं परवानगी दिली, पण एका अटीवर: जुन्या वहीच्या प्रत्येक पानावर सायबाची सही. सरांनी आधी प्रत्येक पान वाचलं, मग 'पाहिले' असं लिहून सही केली. धाकटा भाऊ बांधावरून ते सह्या करणं बघत होता आणि त्याचा रंग उतरत चालला होता. त्या वहीत जमिनीच्या लांबी-रुंदीचा एकही आकडा नाही हे त्याला सांगायला मी निघालो होतो, पण फौजीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आयुष्यात एकदा गप्प बसलो.

या वेळी नकाशात सतरंजी नव्हती. एकच काळा पट्टा, तिरका, फौजीच्या रानातून निघून थेट भावाच्या रानाच्या दिशेनं गेलेला. आम्ही छापील प्रत फौजीला नेऊन दिली. त्यानं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ कुणी वडली?"

जोडीदारणीनं सांगितलं की ही दगडाची भिंत आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची, लाव्हारसाची.

"म्हंजे बांधाच्या आधीची?"

"हो."

त्यानं रेघेवरून बोट शेवटपर्यंत फिरवलं. "आनि बांध सोडून आरपार गेलीया," म्हणाला. "तवा मोजणी न्हवती वाटतं." मग त्यानं नकाशाची घडी घालून बांधाकडं पाहिलं. भाऊ नव्हता तिथं, नुसता बांध होता. एवढं मात्र खरं की पुढच्या वेळी आम्ही जीपमधून तिथून जात होतो तेव्हा दोघं भाऊ त्या बांधावर तो कागद धरून उभे होते. भांडत असतील. पण बोलत होते.

तोंडी परीक्षेला सांगलीकडचे एक बाहेरचे परीक्षक आले होते. शेजारी आमचे सर. परीक्षकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला की चुंबकीय मापनाला निघण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्याल. मी पट्टा सांगितला, चाव्या, मोबाईल, पिना, वहीच्या पिनासुद्धा. त्यांनी मान डोलावली.

"आणखी?"

"घरी आईला खरं काय ते सांगावं," मी म्हणालो, आणि का, तेही थोडक्यात सांगितलं. नाल, वाकळ, सतरंजी, पिंपरण, सगळं. या खेपेला त्यात पदरचं काहीच घातलं नाही. घालायला जागाच नव्हती.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. हा मुलगा मस्करी करतोय का, असं त्यांनी विचारलं.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "नाही. हे खरं आहे." मग पुस्ती जोडली, "मी वही पाहिली आहे."